गोजाबाईचे डोळे

टीव्हीवरच्या रहस्यमालिकेतली एक आंधळी म्हातारी मेलेल्या माणसाचा सदरा नुसता हातात घ्यायची आणि खून कुणी केला ते सांगायची. भाग एकच होता, पण धसईच्या बाजारात भाजी विकणारी गोजाबाई त्यात त्या म्हातारीच्या कामात झळकली आणि तिच्या दाराशी माणसं लागली. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचं लग्न जमेना.

एक दिवस रश्मीही तिच्या ओट्यावर जाऊन बसली. बी.एस्सी. झालेली, कॉलेजात अंधश्रद्धेविरुद्ध भाषण ठोकून ढाल मिळवलेली. शहापूरहून निघताना नवऱ्याला 'मैत्रिणीकडे जाते' एवढंच सांगितलं होतं. मांडीवर स्वरूप. तिसरं सरत आलं तरी पोराच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू नीट येतंय, बोलेल, थोडी वाट बघा. वाट बघणंच तर तिला जमत नव्हतं. तो जेवायला बसला तरी हिची नजर त्याच्या ओठांवर.

"बोल गो, तुजं काय हरवलंय?" गोजाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"याचं बोलणं," रश्मी म्हणाली आणि तिनं स्वरूपला पुढं केलं. "कधी बोलेल, तेवढं सांगा."

गोजाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. "अगो बाय माजे, तू शिकलेली ना? मला काय दिसतंय! त्या बारकूला पण हेच सांगितलं. शेळी त्याची त्याच्याच परसात गावली, तरी मेला मला नारळ देऊन गेला."

"पण टीव्हीवर तुम्ही..."

"त्या शूटिंगवाल्यांची नटी आली नाय. मी भाजी द्यायला गेलते, तर मलाच पकडली. म्हणाले, मावशे, बुबळं वर कर. ही अशी!"

चष्मा काढून तिनं बुबुळं पार वर चढवली. पांढरेफटक डोळे, वाकडी मान, हवेत चाचपडणारे हात. रश्मीच दचकली. पोर घाबरेल म्हणून तिनं त्याला कुशीत ओढलं.

स्वरूप निसटला. आधी खुदकन हसला, मग खिदळतच सुटला. गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्यानं गोजाबाईच्या पापणीला बोट लावलं.

"अजून."

रश्मीला वाटलं, भास झाला. गोजाबाईनं डोळे खाली आणले, पोराकडं बघितलं आणि गुपचूप पुन्हा वर नेले.

"अजून!"

रश्मी पदरात तोंड खुपसून हमसून रडायला लागली.

"आता गो कशाला रडतेस? बोलला ना?"

"तुम्ही..."

"मी काय नाय केलं. आणि गावभर सांगत फिरू नको हां, नायतर उद्या सगळी मुकी पोरं आणून बसवतील माज्या ओट्यावर!"

परतीच्या एसटीत रश्मीला एकदम हलकं वाटत होतं. गेले कित्येक महिने तिनं स्वरूपला हसवलं होतं ते शब्दाच्या आशेनं. आज त्याचं हसू नुसतं हसू म्हणून कानावर येत होतं. त्यानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, अजून."

तिनं बुबुळं वर चढवली, मान वाकडी केली. शेजारची बाई सरकून बसली.

"तिकीट?" कंडक्टर पुढ्यात उभा होता.

"एक शहापूर," रश्मी डोळे तसेच ठेवून म्हणाली आणि तिनं पैसे भलत्याच बाजूला पुढं केले.

"इकडं, ताई, इकडं," कंडक्टर हळुवारपणे म्हणाला.

स्वरूप हसून हसून आडवा झाला.