बायांचा धोंडा

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तोंड असतं तर पदराआड लपवलं असतं. पण चार पत्र्यांची मी, लपवणार काय कपाळ!

तेलगावच्या एका वेल्डिंगवाल्यानं मला घडवलं आणि बीडच्या एका सोसायटीनं विकत घेतलं. आले तेव्हा चाकांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, सभासदांनी पेढे खाल्ले. खताची पोती, सरकी, ऊस, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं मी वाहिलं. आसाराम माझा ड्रायव्हर. "आसारामच्या ट्रॉलीत पोटातलं पाणी हालत न्हाई," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायची.

मग पाठोपाठ दुष्काळ पडले. ऊस गेला, कापूस गेला, सोसायटीही बसली आणि थकलेल्या पगारापोटी ट्रॅक्टर अन् मी आसारामकडे आलो. तिचं जुनं गोदाम पाडल्यावर राडारोडा टाकायचा कुठं? आसारामनं मला बिंदुसरेच्या पात्रात घातलं. दोन वर्षं नदीत थेंब नव्हता.

बरोबरचा मजूर बिभीषण ओरडला, "आसाराम, थांब बे! खाली बायांचा धोंडा हाय."

तो काळा, रुंद धोंडा मलाही दिसत होता. घटस्थापनेआधी घर धुऊन काढल्याशिवाय देवी बसत नाही, ही इकडची रीत. तेव्हा गल्लीतल्या साऱ्या बाया गोधड्या धुवायला त्याच धोंड्यावर यायच्या. पण नदी आटली आणि तिथं कुणी फिरकेना.

"पानीच न्हाई, मग नदी कशाची बे?" आसाराम म्हणाला आणि त्यानं दांडा ओढला.

माझी पाठ वर झाली. दगडावर दगड आदळले. त्या दिवशी अकरा खेपा झाल्या. खरं सांगते, ओझं उतरलं म्हणून मला बरं वाटलं होतं. त्याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

बिभीषण पुढं कामासाठी पुण्याला गेला. आमचा ढीग बघून गावानंही तिथंच घाण टाकली. एकदा उकिरडा दिसला की टाकायला कोण लाजतो?

दोनतीन वर्षांनी त्रिंबक गुरुजींनी माणसं गोळा केली. दर रविवारी फावडी, घमेली घेऊन लोक नदी साफ करायला उतरू लागले. आसारामनं ट्रॅक्टर फुकट दिला. लोकांनी त्याला हार घातला आणि माझ्या पत्र्यावर 'नदीसेवा' असं रंगवलं. माझ्यावर, मित्रांनो! तो रंग मला गंजासारखा खाऊ लागला.

म्हाताऱ्या रुक्मिणीबाई दर रविवारी काठी टेकत यायच्या. राडारोडा पडला तेव्हा त्या म्हैस घेऊन चारा छावणीवर होत्या. त्या ढिगाढिगात काठी खुपसून विचारायच्या, "आमचा धोंडा कुनी पाहिला का रं?" तेवढ्यात आसारामला नेमकी माझ्या टायरची हवा बघायची असायची.

शेवटचा रविवार आला. उरलेला ढीग दाबून, वर सपाट करून, लोकांना संध्याकाळी बसायला जागा करायची ठरली. रोलर येऊन उभा राहिला, आसारामला पुन्हा हार घातला गेला. आज धोंडा सापडला नाही तर तो कायमचा गाडला जाणार होता.

रुक्मिणीबाईंनी आसारामचा हात धरला. "नवी नवरी होते तवा घरात रडायला बी जागा न्हवती बाबा. त्या धोंड्यावर गोधडी बडवायची अन् रडून घ्यायचं. तू लई भला मानूस हाय. तूच हुडकून दे."

आसारामचा चेहरा उतरला. त्यानं गळ्यातला हार काढला आणि माझ्या मागच्या फाळक्यावर ठेवला.

"मावशी, मीच गाडला. अकरा खेपा टाकल्या. बिभीषण नको म्हनत होता. मी म्हनलो, पानीच न्हाई, मग नदी कशाची?"

सगळ्यांची फावडी थांबली. रुक्मिणीबाईंनी त्याचा हात सोडला.

"म्हातारीचे दात पडले म्हनून तिच्या तोंडात माती घालतेत का रं?"

आसारामनं जागा दाखवली आणि स्वतः हातांनी उकरायला बसला. दुपारी धोंडा लागला. मधोमध फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. रुक्मिणीबाईंनी त्या भेगेवरून बोटं फिरवली आणि डोळ्याला पदर लावला.

त्या भादव्यात नदीला पाणी आलं. घटस्थापनेआधी बाया गोधड्या घेऊन आल्या आणि पोरं पाण्यात डुंबली. आसारामही आपल्या घरच्या गोधड्या डोक्यावर घेऊन आला आणि लांब उभा राहिला. रुक्मिणीबाईंनी धोंड्याच्या दुसऱ्या तुकड्याकडे बोट केलं. "त्याच्यावर धू. दर साली येत जा."

तो दर साली येतो. बाया त्याला हसतात, तो मान खाली घालून बडवत राहतो.

मी काठावरच उभी असते. मित्रांनो, कोरड्या नदीला मोकळी जागा समजू नका. ती मेलेली नसते, वाट बघत असते. मला नको म्हणता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही म्हणा. आणि इकडं कधी आलात तर माझं एक काम करा. पत्र्यावरचं ते 'नदीसेवा' तेवढं खरवडून काढा.