भंगाराचा नंदी

सौंसरच्या बसस्टँडामागच्या पिंपळाखाली गर्दी मावत नव्हती. संत्र्याच्या बागा सोडून लोक आले होते, पांढुर्ण्याहून दोन जीपगाड्या आल्या होत्या, आणि हे सगळे एका बैलाची परवानगी मागत होते.

"नंदी महाराज, पोराचं लग्न या साली जमंल का?"

हिरव्या अंगाच्या बैलानं सावकाश मान डोलावली. डोळे लालभडक पेटले. बाया हुंदके देऊ लागल्या.

"पाह्यलं?" शेजारी गादीवर बसलेले गुणवंता महाराज म्हणाले. महाराज पूर्वी घरोघरी डिश अँटेना बसवायचे, त्यामुळे त्यांचं अध्यात्म छतावरून सुरू व्हायचं. "हा नंदी कैलासाचं सिग्नल पकडते. डायरेक्ट! मधात टॉवर नाही, रिचार्ज नाही, पावसात बंद पडत नाही. फक्त श्रद्धेची दिशा बरोबर पाहिजे."

गर्दीच्या मागं उर्वशी उभी होती. एका खासगी शाळेत ती चित्रकला शिकवायची. बैल तिनं बनवला होता.

धड एका मेलेल्या कॉम्प्युटरचा डब्बा, कातडी फुटक्या सर्किटांची, शिंगं जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची, शेपटी हेडफोनच्या वायरींची. मान डोलवायला डीव्हीडी प्लेअरची मोटर. सगळं भंगारातलं. तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या मिरवणुकीत, तिनं तो शाळेतर्फे आणला होता. पण तिथं बायांनी रीतीप्रमाणे बैलाची पूजा केली आणि कपाळाला इतकं कुंकू थापलं की तिथं बसवलेला, रिमोटचा इशारा पकडणारा सेन्सर झाकून गेला. परीक्षकांसमोर बैल ढिम्म. "लाकडाचा बी नाही अन् हालत बी नाही," म्हणून बाद. मग प्रश्न उरला. पूजा झालेला बैल भंगारात टाकणार कोण? लोकांनी भक्तिभावानं तो पिंपळाच्या ओट्यावर नेऊन ठेवला, शेपटीला बांधलेल्या रिमोटसकट.

पुढच्या आठवड्यात गुणवंता महाराज प्रकटले. त्यांनी आधी बैलाचं कपाळ धुतलं आणि फर्मान काढलं, "इथं कुंकू लावाचं नाही. तिसरा डोळा आहे."

उर्वशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हा मी बनवलाय."

"तू निमित्त आहेस बाई," भैय्याजी म्हणाले. ते निवृत्त पटवारी. "करवून घेणारा तो."

"त्याच्या पोटात जुन्या यूपीएसची बॅटरी आहे."

"अन् आपल्या पोटात आत्मा. फरक काय?"

बॅटरी उतरली की लोकांची श्रद्धाही उतरेल, म्हणून तिनं वाट पाहिली. पण महाराज दर शनिवारी पडदा ओढून नंदीला 'शयन' करवायचे, आणि पडद्याखालून एक वायर चहाच्या टपरीत जायची. ती वायर सगळ्यांना दिसायची. देवाला लाइट नको का, असं सगळ्यांना वाटायचं.

उर्वशीनं नाद सोडला असता. थकली होती ती. पण वंदनाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, नंदीला विचारलं, "शुगरची गोळी बंद करू का?" नंदीनं मान डोलावली. तेव्हापासून गोळ्यांची पाकिटं बैलाच्या पायाशी, आणि आईच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेला अंगारा. अंगठा आता काळा पडत चालला होता.

"आई, दवाखान्यात चाल."

"नंदी हो म्हणून राहिला, तू नाही म्हणून राहिली. मी कोणाचं ऐकू?"

"त्याले नाही म्हणताच येत नाही वो! तशी मोटरच नाही बसवली मी."

"पाहा," आई शेजारणीला म्हणाली, "तेवढा चांगला आहे तो."

आज उर्वशी आईला घेऊनच आली होती. ती ओट्यावर चढली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "महाराजांसोबत सेल्फी घ्या सगळे. नंदी मान हलवते तेव्हाच घ्या."

याला कोणाची ना नव्हती. महाराजांनी केस सारखे केले. पन्नासेक लोक पाठमोरे होऊन मोबाइल उंचावून उभे राहिले. वंदनाबाईंनी प्रश्न विचारला, नंदी डोलला, आणि बऱ्याच जणांच्या पडद्यावर महाराजांच्या उजव्या गुडघ्यापाशी, शालीच्या घडीत, जांभळा ठिपका लुकलुकला.

"हे काय होय?" भैय्याजी स्वतःचाच फोन उलटसुलट पाहू लागले.

"रिमोटचा उजेड. आपल्या डोळ्याले दिसत नाही, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याले बहुतेक वेळा दिसते. घरी टीव्हीच्या रिमोटवर करून पाहा."

"दैवी किरण आहेत!" महाराज ओरडले. "माझ्या गुडघ्यातून निघून राहिले!"

"वाताच्या डॉक्टरले दाखवा मंग," मागून कोणीतरी म्हणालं.

"महाराज, दोन्ही हात जोडा," उर्वशी म्हणाली. "अन् आता विचारा कोणी बी."

महाराजांनी हात जोडले. दहा जणांनी विचारलं. नंदी ढिम्म.

"रुसला," महाराज म्हणाले.

वंदनाबाई लंगडत पुढं झाल्या आणि महाराजांच्या शालीची घडी त्यांनी स्वतः उचलली. रिमोट निघाला. त्यांनी तो नंदीकडे धरला.

"गोळी घेऊ?" बटण. नंदी डोलला.

"गोळी फेकून देऊ?" नंदी डोलला.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मी मरून जाऊ?"

नंदीनं तितक्याच प्रेमानं मान डोलावली. डोळे लालभडक पेटले.

लग्न विचारणारा माणूस खाली बघत होता.

"पाहा बैल, मजा घ्या," उर्वशी म्हणाली. "घरचं भंगार आणून द्या, असे अजून बनवू. पण तब्येतीचं, लग्नाचं त्याले विचारू नका. जो प्रत्येक गोष्टीले हो म्हणते, त्याचं एक हो बी कामाचं नसते. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, हे कसं होते? उत्तर भेटेपर्यंत विचारत राहा. माझं सांगणं बी तपासा."

महाराज टपरीमागून कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. तरीही दोघीतिघींनी जाताजाता नंदीला नमस्कार केला.

वंदनाबाईंनी बैलाच्या पायाशी वाकून आपल्या गोळ्यांची पाकिटं शोधून काढली, पदरानं अंगारा झटकला.

"डॉक्टर अंगठा तं कापणार नाही ना?"

"माहीत नाही, आई," उर्वशी म्हणाली.

आईनं तिच्या खांद्यावर हात टेकला. "चाल. डॉक्टरलेच विचारू."