जवळची बाजू

किटलीचं झाकण टकटक वाजलं आणि घरातली शांतता तडकली. निल्दाने धावत जाऊन किटली उतरवली; आत तिची लेक रोमिना झोपली होती. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. कोकाची पानं गालात धरून त्या दाराकडे बघत बसल्या होत्या.

काल संध्याकाळी त्यांनी उंबऱ्याच्या आत चाळलेली राख पसरली होती. तोकोनाव गावात माणूस गेला की जुनी घरं असंच करतात. सकाळी राखेतलं पाऊल बाहेर जाणारं दिसलं, तर जीव वाटेला लागला. मग त्याचे कपडे जाळायचे. आत येणारं दिसलं, तर तो कुणाला तरी न्यायला आलाय. घाटात ट्रक उलटून निल्दाचा नवरा रुपेर्तो गेला होता, आणि घरात उरल्या होत्या या तिघीच.

"ऊन आत येऊ दे, मग बघू," सासूबाई म्हणाल्या. "तोवर बस तुझ्या ढगांपाशी."

निल्दा संगणकापाशी बसली. वर पठारावरच्या अँटेना आकाशातून जे टिपतात, ते वाचणं हे तिचं काम. सासूबाईंना आकाशगंगेत लोकरीच्या लामा जनावराचा जो काळा आकार दिसतो, तो म्हणजे थंडगार वायूचे ढग. डोळ्यांना काळोख, अँटेनांना उजेड. तसलाच एक ढग दूरच्या दीर्घिकेत निल्दा वर्षभर बघत होती. दीर्घिकेच्या मध्याभोवती गिरकी आहे तोवर ढग तरतो. दुसऱ्या ढगांना घासून गिरकी मंदावली, की मधल्या कृष्णविवराकडे घसरू लागतो. विवराचं पोट असंच भरतं.

हा ढग आत पडतोय, असं तिने सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं. परवा चूक कळली. ढग आपल्यापासून लांब जातोय, एवढंच अँटेना सांगतात. तो दीर्घिकेच्या जवळच्या बाजूला असेल तर आत पडतोय. पलीकडच्या बाजूला असेल तर बाहेर निघालाय. तिने पलीकडची बाजूच जवळची धरली होती. खूण तीच, अर्थ उलटा.

ऊन उंबऱ्यावर आलं.

"आहे गं!" सासूबाईंचा आवाज चिरकला.

एकच पाऊल. दाराखालून आलेल्या वाऱ्याने कडा ढासळलेल्या. टाच कुठली, बोटं कुठली, सांगता येईना.

"आत आलाय," सासूबाई पुटपुटल्या. "मलाच न्यायला आला असू दे. मेल्याला माझ्या हातचं असल्याशिवाय कधी घास उतरलाय?"

"तुमच्या हातचं तिखट खायला कोण परत येतंय, सासूबाई!" निल्दा म्हणाली खरी, पण तिचं लक्ष रोमिनाच्या खोलीकडे होतं.

ती गुडघ्यांवर बसली. या वेळी घाई करायची नव्हती. गाल जमिनीला टेकवून तिने उन्हाच्या तिरिपेत राख पाहिली, मग पलीकडून पुन्हा पाहिली.

"बाहेर," ती म्हणाली. "खोल खळगा दाराच्या बाजूला आहे. तिथे बोटांनी रेटा दिलाय. गेला तो."

"परवा तूच म्हणालीस ना, उलटं वाचलं म्हणून?"

"म्हणून तर दोनदा बघितलं."

"पण त्याचं पाऊल एवढंसं नव्हतं गं."

"राख ढासळते. लहान दिसतं."

सासूबाई तोंडाला पदरासारखी शाल लावून रडल्या आणि कपड्यांचं गाठोडं आणायला गेल्या. कित्येक दिवसांनी निल्दाने छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात डोळे चोळत रोमिना आली आणि स्टुलावर चढून बसली. तिचा एक पाय लोंबकळत होता. तळवा राखाडी होता.

"बाबा हाक मारत होता," ती म्हणाली. "मी दारापर्यंत गेले."

निल्दाने ते पाऊल हातात धरलं. गार होतं. तिने राखेकडे पाहिलं. बाहेर जाणारं एकच पाऊल. परतीचं कुठेच नव्हतं.

"मग?"

"मग आठवत नाही." रोमिना राखेकडे बघत राहिली, मग आईकडे वळली. "आई, मी परत आले का?"