मागितलेल्या गारा

जगदेवीने चुरम्याचे तीन वाटे केले, मधल्या वाट्यावर बेलाचे पान ठेवले आणि हात जोडले. समोर पाटावर बसलेले जंगमस्वामी कपाळावर भस्माची बोटे ओढत होते.

"किती सोमवार झाले म्हनायचे, माय?"

"मोजले न्हाईत, अय्या. पाच वर्षं झाली."

"पाच वर्षं अळणी!" स्वामींनी मान डोलावली. "आन् आज उद्यापन. म्हंजे महादेव पावला. काय मागितलं हुतं एवढं?"

जगदेवीने तुपाची वाटी त्यांच्या पानावर कलती केली.

"अजून सोडू का तूप?"

स्वामींनी पुन्हा विचारले नाही. गावात सगळ्यांना वाटे, हिने मूल मागितले असणार. चाळिशी उलटलेल्या बाईने मूल मागावे याचे कुणाला हसूही येई. पण ते तिच्या पाठीमागे. तिचा आवाज कधी चढला नाही, सोमवार कधी चुकला नाही. अशा बाईच्या मनात दुसरे काही असेल असे कुणाला वाटावे तरी कसे?

तिने पाऊस मागितला होता. शेतासाठी नव्हे. आभाळ कोरडे असताना, दिराच्या, विश्वेश्वरच्या, वीटभट्टीवर कच्च्या विटा उन्हात वाळत घातलेल्या असताना पडणारा पाऊस.

मागच्या सोमवारी तो पडला. दुपारी चारच्या सुमाराला धारूरच्या डोंगराकडून आभाळ काळेनिळे होऊन आले आणि लिंबाएवढ्या गारा अर्धा तास कोसळत राहिल्या. विश्वेश्वरच्या दोन लाख विटांचा चिखल झाला. जगदेवी ओसरीत उभी राहून बघत होती. अंगणातली तुळस मोडली, घरालगतच्या त्यांच्या दुकानाची कौले फुटली, तरी ती जागची हलली नाही. गारा थांबल्यावर तिने आंघोळ केली आणि देवापुढे निरांजन लावले.

भट्टीचे ते रान एके काळी तिच्या नवऱ्याच्या, शंकरप्पांच्या, वाट्याचे होते. अजूनही कागदावर त्यांचेच होते. विश्वेश्वरने भट्टी टाकायची म्हणून मागितले आणि थोरल्या भावाने कागद न करता देऊन टाकले. रानाच्या कोपऱ्यात बेलाच्या रोपाखाली शिवांजलीची समाधी होती. जगदेवीची सहा वर्षांची पोर, तापाने गेलेली. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत; मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, मातीत बसवतात. तेवढा कोपरा सोडायचा असे ठरले होते. भट्टी सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात जगदेवी बेलाला पाणी घालायला गेली तेव्हा तिथे कमरेइतका खड्डा होता. बेल नव्हता. माती साच्यात जाऊन, भाजून, ट्रॅक्टरमधून परळीकडे गेलेली.

"मजुराला काय कळतंय त्यात कोन बसलंय," विश्वेश्वर म्हणाला होता. "माती ती माती, वैनी. ह्यात कुनाचा दोष न्हाई."

शंकरप्पा तेव्हा खाली बघत उभे होते. पुढे पाच वर्षे या विषयावर ते बोलले नाहीत. आणि जगदेवी नव्या पक्क्या भिंतीला कधी पाठ टेकून बसली नाही. कोण जाणे, कुठल्या भिंतीत काय असेल.

स्वामी जेवून उठले, तोच दगडाबाई दारात आली. तिच्या नवऱ्याची, धुळाजीची, मेंढरे गावाच्या माळावर होती. गारांत बत्तीस मेली.

"आक्का, थोडी हळद द्या. एका कोकराचं डोकं फुटलंय, जगंल वाटतंय."

जगदेवीने हळद दिली, वर चुरम्याचा द्रोण दिला. दगडाबाईने द्रोण कपाळाला लावला.

"आमच्याकडनंच चुकलं, आक्का. बिरोबाला औंदा नारळ दिला न्हाई. मालक म्हनले, पुढच्या खेपेला देऊ. त्याचंच फळ."

"तसं न्हाई गं ते."

"मग कुनाचं पाप म्हनावं?"

जगदेवीने तिच्या द्रोणात आपल्या वाट्याचाही चुरमा घातला.

दुपारी महादेवाच्या देवळापुढच्या नव्या सभामंडपात माणसे जमली. माजलगावच्या कॉलेजातले गहिनीनाथ सर हवामानावर बोलायला आले होते. सरांनी खांबाला नकाशा अडकवला. हिमालयात आणि पृथ्वीच्या दोन्ही टोकांना बर्फाच्या नद्या आहेत, त्या वितळत चालल्या आहेत. कारखाने, मोटारी, भट्ट्या यांच्या धुराने हवा तापते. मग एखादे वर्ष कोरडे जाते, एखाद्या वर्षी नको तेव्हा कोसळते, असे ते सांगत होते. पुढारपण करणारे भगवानराव मधेच म्हणाले,

"सर, बहात्तरच्या दुष्काळात गावात एक फटफटी नव्हती. तवा कुनाचा धूर हुता?"

"बरोबर आहे तुमचं. दुष्काळ, गारपीट पूर्वीही होतीच. यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांतही वाद चालू आहेत. परवाची गारपीट त्यामुळंच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हवा तापतेय, हे खरं."

"म्हंजे हिमालयाचा बर्फ आमच्या डोक्यात पडला न्हाई म्हना की!" मागून कुणीतरी ओरडले आणि मंडप हसला.

विश्वेश्वर उठला. या मंडपाला पाच हजार विटा त्याने दिल्या होत्या, त्यामुळे तो बोलायला लागला की लोक गप्प बसत.

"आसं हाय सर, धूर सोडायचा अमेरिकेनं आन् चिखल व्हायचा माज्या विटांचा."

"तुमच्या भट्टीचा धूरही त्यातच जातो, विश्वेश्वरराव."

"माज्या एका भट्टीनं हिमालय वितळला व्हय?" पुन्हा हशा. त्याने हशा ओसरू दिला. "दोन लाख विटा गेल्या, पर मी रडत बसलो न्हाई. चार दिवसांत नव्या पाडल्या, वाळत बी घातल्या. निसर्ग हाय, चालायचंच. ह्यात कुनाचा दोष न्हाई."

बायकांच्या बाजूला, भिंतीपासून हातभर पुढे बसलेल्या जगदेवीने डोक्यावरचा पदर नीट केला. ती उभी राहिली तेव्हा शेजारणींना वाटले, घरी निघाली.

"सर, एक इचारू?"

"विचारा ना, ताई."

"कुनी देवाजवळ मागितल्यानं गारा पडत्यात का?"

कुणी हसले नाही. या बाईच्या मनाला काहीतरी लागले आहे, एवढे सरांना कळले. म्हणून ते मुद्दाम मायेने बोलले.

"नाही, ताई. कुणाच्या मागण्यानं पडत नाहीत आणि कुणाच्या पापानंही पडत नाहीत. कुणीही मनाला लावून घेऊ नये."

शेजारी दगडाबाईने पदरात तोंड खुपसले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. आठ दिवस अंगावर वागवलेले ओझे उतरल्यासारखी तिची पाठ हलत होती. जगदेवीने त्या पाठीवर हात ठेवला.

म्हणजे विटांचा तो चिखल तिने केलेला नव्हता. पाच वर्षांचे सोमवार एकीकडे आणि ते अर्ध्या तासाचे आभाळ दुसरीकडे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. न केलेल्या कामाचे उद्यापन तिने सकाळी देवाला वाढले होते. महादेवाचा तिला राग आला नाही. त्याचे काय चुकले? आपल्या हाताने करायचे ते तिनेच त्याच्यावर टाकले होते.

ती घरी आली तेव्हा ऊन कलले होते. दगडाबाई तिच्याबरोबरच आली. दुकानाच्या पायरीवर धुळाजी तंबाखू मळत बसला होता आणि आत शंकरप्पा साखर जोखत होते.

"उद्या डोंगराकडं निघतो, आक्का," धुळाजी म्हणाला. "हितं कुनी मेंढरं बसवाया बोलवंना."

रात्रभर कळप रानात बसवला की लेंडीमुताने रान कसदार होते. त्याबद्दल रानवाला धनगराला धान्य देतो. पण यंदा ज्वारी आडवी पडलेली. द्यायला कुणाच्या घरात होते काय?

"आमच्या रानात बसवा," जगदेवी म्हणाली. "दोन रातींची चार पायली ज्वारी दिईन. कणगीत मागच्या सालची हाय."

"कंच्या रानात?"

"भट्टीच्या."

धुळाजीचा मळणारा अंगठा थांबला. "तिथं तर विटा वाळत घातल्यात की ओ."

"घातल्यात."

"ओल्या हायेत अजून. मेंढरांच्या पायाखाली..."

"रान कुनाचं हाय, धुळाजी?"

"तुमचं."

"मग झालं. उद्या बाजार, मजूर आज सांजच्यालाच गावाकडं जात्यात. कुनी हाकलाया आलंच तर म्हनावं, सातबारा घिऊन या. मुक्या जनावराला काय कळतंय?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पूजेला फुले मागावीत तसा. दगडाबाईने नवऱ्याकडे पाहिले. त्याने दुकानात पाहिले. जगदेवीने मात्र तिकडे मान वळवली नाही. आपला नवरा काय म्हणेल हे तिला ठाऊक होते. काही म्हणणार नाही.

शंकरप्पांनी साखरेची पुडी बांधली, दोऱ्याला गाठ मारली, उरलेला दोरा तोडून गुंडाळून ठेवला.

"मेंढरं किती उरली रं?"

"अठ्ठावीस, मालक."

"आन् शेळ्या-शेरडं?"

"शेरडं अकरा हायेत. पर ती पालापाशीच ठिवणार हुतो. शेरडू एका जागी बसत न्हाई, मालक. जिथं उंच दिसंल तिथं चढतंय."

"सुकलेल्या विटांच्या थप्प्या हायेत तिथं," शंकरप्पा म्हणाले. "पुरुषभर उंच."

मग ते उठले आणि कणगीकडे जाता जाता, मागे न बघता म्हणाले,

"शेरडं बी न्या."