अकरा नंबरची खुंटी

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात माणूस निवृत्त झाला की त्याची एप्रन अडकवायची खुंटी नव्या माणसाला मिळते. माझ्या आधीच्या कारकुनाने मात्र खुंटीबरोबर पेन्शनचा खाते क्रमांकही तोच चालू ठेवला. त्यामुळे शिलाईवाल्या मावशींचे नऊ वर्षांचे पेन्शनचे हप्ते, त्यांच्याआधी अकरा नंबरची खुंटी वापरणाऱ्या आजोबांच्या खात्यात जमा होत राहिले.

मावशी निवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आल्या, तेव्हा हा घोळ उघडकीला आला. मी कागद घेऊन तडक मालकांकडे गेले.

"म्हाताऱ्याकडून वसूल करा," मालक म्हणाले.

"चूक आपली आहे. पेन्शन कचेरी सांगते, मावशींचे हप्ते आधी आपण भरायचे."

"म्हणजे मी दोनदा भरू? आणि पेन्शन वाढलेली त्या म्हाताऱ्याला कळली नसेल होय?"

माझं डोकंच फिरलं. "कळली होती की! म्हणून तर दर वर्षी काठी टेकत इथे येतात आणि 'मालक, तुम्ही मला विसरला नाहीत' म्हणून तुमच्यापुढे हात जोडतात. मावशींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मालक चष्मा पुसत बसले.

आजोबांनी हात जोडले की दर वर्षी मालक एकच उत्तर द्यायचे. तेच मी त्यांना ऐकवलं, "आपल्या माणसांसाठी एवढं करावंच लागतं," आणि चेकबुक त्यांच्यापुढे सरकवलं.