बीबीजींच्या गव्हाचे खोटे वजन

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे आणि अजूनही भीत भीतच बोलतो. मला कडीने टांगायचे, खालच्या आकड्याला ओझे अडकवायचे, की काटा वजन दाखवतो. दहा किलोंच्या वर मला पेलवत नाही, हे माझ्या छातीवरच कोरलेले आहे.

चंडीगडच्या एका सरकारी कचेरीत बदलून आलेले विश्रामराव मला सायकलला बांधून आसपासच्या गावांत नेत. लहान शेतकरी किती खतापाण्यात किती पिकवतो, हे पाहण्याचे त्यांचे काम. शेतात दोरीने चौकोन आखायचा, तेवढाच गहू कापून, मळून मला टांगायचा. माझ्या शब्दाला केवढा मान!

चौऱ्याहत्तर सालच्या पाडव्याला घात झाला. साऱ्या मराठी बिऱ्हाडांच्या श्रीखंडाचे काम विश्रामरावांच्या पत्नी शालिनीबाईंकडे होते. त्यांनी चौदा किलो दह्याचे गाठोडे पाणी गळायला माझ्याच आकड्याला टांगले.

"अगं, कचेरीचा काटा आहे तो!"

"एका दिवसात काय झिजतोय?"

ओझे उतरले, पण माझी स्प्रिंग सैल पडली. रिकामा असतानाही काटा शून्याऐवजी दीड किलोवर थांबू लागला. तोलण्याआधी, मी रिकामा असताना काटा शून्यावर आहे ना, हे पाहायचा नियम होता. विश्रामराव घाईत तो विसरले.

वैशाखीच्या सणानंतर हरनाम कौर या विधवा बाईंच्या शेतात मी आठ किलो दाखवले. खरे होते साडेसहा. त्यांनी गाठोडे हातात तोलून पाहिले आणि विश्रामरावांना भाऊ म्हणावे तशी हाक दिली.

"वीरजी, मेरे हाथ को तो कम लगदा है."

"सरकारी काटा है, बीबीजी, पक्का!"

गाठोडे काढले आणि विश्रामरावांना दीडवर थांबलेला काटा दिसला. मला वाटले, आता आपण भंगारात जाणार! त्यांना नोकरीची धास्ती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, नखाने काटा वाकवून शून्यावर आणला आणि आठावरच सही ठोकली. मला हायसे वाटले, याची आज लाज वाटते.

वरच्या कचेरीत ठरले, इतक्या कमी खतात एवढे पिकते, तर अशा लहान शेतकऱ्यांना सरकारी खत निम्मेच पुरे.

पुढच्या वर्षी त्याच शेतात मी चार किलो दाखवले. या वेळी अगदी खरे. कागदावर 'कारण' असा रकाना होता. विश्रामरावांनी लिहिले, 'शेतकऱ्याचे दुर्लक्ष.'

"क्या लिखा, वीरजी?" बीबीजींनी विचारले.

ते मला सायकलला बांधत राहिले.

मित्रांनो, मापे जिवापाड जपा. आणि चूक दिसली, की तिथल्या तिथे बोला. मला तोंड नव्हते, त्यांना होते.