पायाशी कोरलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. आधी धुण्याचा होतो, आता नावांचा आहे. आटपाडीहून कवठे महांकाळकडे निघालात की वाटेत बोरमाळ फाटा लागतो. तिथं रस्त्याच्या डाव्या हाताला, लिंबाखाली, कंबरेएवढ्या चौथऱ्यावर मी उभा आहे. माझ्या छातीवर चार नावं कोरलेली आहेत. पायाशी एक खड्डा आहे. त्या खड्ड्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म गावामागच्या खाणीतला. वडारांनी पहारीनं मला उचकटलं, घणाचे घाव घालून सरळ केलं आणि बैलगाडीतून गावविहिरीवर आणून टाकलं. पुढं चाळीस वर्षं बायकांनी माझ्यावर धुणी आपटली. सासुरवाशिणींनी माझ्यापाशी मन मोकळं केलं, म्हाताऱ्यांनी सुनांच्या कागाळ्या केल्या. मी ऐकत राहिलो आणि गुळगुळीत होत गेलो. "ह्यो दगड लय गुणाचा. कापड फाटत न्हाई," असं बायका म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

त्यांतली एक बनुबाई. सारा गाव तिला आक्का म्हणतो. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगा, अर्जुना. त्याची दुपटी तिनं माझ्यावर धुतली, पुढं शाळेची खाकी चड्डी धुतली, आणि एके दिवशी नवाकोरा शर्ट धुवायला आणला. नव्या शर्टाचा रंग जाऊ नये म्हणून तो तिनं आपटला नाही, नुसता चोळला. अर्जुना गलाईच्या कामाला परमुलखात निघाला होता.

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. आमच्या कोरड्या भागातली माणसं हे काम घेऊन देशभर गेली आहेत. गावच्या जयराजचं उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात, सराफ बाजारात, गलाईचं दुकान होतं. त्यानं हाताखाली गावातलीच दोन पोरं नेली. एक अर्जुना आणि दुसरा फरदीन. फरदीन म्हणजे रहिमानचा मुलगा. रहिमान दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचा आणि कुणी सांगितलं तर थडग्यांवर, कोनशिलांवर अक्षरंही कोरायचा.

नंतर घरोघर नळ आले. विहिरीवर कुणी येईना. माझ्यावर शेवाळ चढलं, मग धूळ बसली, मग शेळ्या बसू लागल्या. मी विसरला गेलो होतो, आणि त्याचं मला दुःखही उरलं नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी, धनत्रयोदशीच्या सकाळी, त्या सराफ बाजारात एका सायकलला लावलेल्या डब्यात बॉम्ब फुटला. एकोणीस माणसं गेली. त्यात चार आमच्या गावची. जयराज. त्याच्या बोटाला धरून दुकान बघायला आलेली त्याची पाच वर्षांची शिवांजली. फरदीन. आणि अर्जुना.

चौघं ॲम्ब्युलन्समधून गावी आली. अर्जुनाचं तोंड बनुबाईला दाखवलं नाही. "हात तरी दावा," ती म्हणाली. हात दाखवला. तिनं तो ओळखला.

तिसऱ्या दिवशी ती एकच गोष्ट बोलली. "ज्यानं हे क्येलं, त्याचं नाव मला सांगा."

तो महिन्याभरात पकडला गेला. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं, फोटो आला. बनुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते नाव दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलं. भाकरी थापताना ती ते नाव घ्यायची आणि परातीत मूठ मारायची. मित्रांनो, ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. का, ते पुढं कळेल.

गावानं स्मारक करायचं ठरवलं तेव्हा संगमरवर आणायची बोलणी चालली होती. बनुबाई बैठकीत उठून उभी राहिली. "संगमरवर कशाला? इहिरीवरचा दगड घ्या. माझ्या अर्जुनाची पयली दुपटी त्येच्यावर धुतल्यात." कुणी वाद घातला नाही. मला उपटून फाट्यावर आणलं, घासलं, धुतलं. इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागलं.

नावं कोरायला रहिमान आला. तीन नावं त्यानं झरझर कोरली. चौथं फरदीनचं. त्या चार अक्षरांना त्याला सबंध दिवस लागला. एकेक अक्षर झालं की तो फुंकर मारायचा आणि तळव्यानं पुसायचा, जसं पोराचं तोंड पुसावं तसं.

काम संपलं तेव्हा बनुबाई समोर येऊन उभी राहिली.

"रहिमान, अजून एक नाव ऱ्हायलं. खाली, पायापाशी. त्याचं."

"कुनाचं, आक्का?"

"मारनाऱ्याचं. येता-जाता लोकांनी त्येच्यावर थुकलं पायजे. जोडं मारलं पायजेत."

रहिमाननं छिन्नी हातात फिरवली. तो विचार करत होता, पण बनुबाईला तो कचरतोय असं वाटलं. आणि तिच्या तोंडून नको ते गेलं. "का रं? तुज्यातला हाय म्हनून हात चालंना व्हय?"

आजूबाजूची माणसं खाली बघू लागली. रहिमाननं आपला हात फरदीनच्या नावावर ठेवला. "आक्का, माज्यातला ह्यो हाय. त्यो माजा कोन न्हवं."

आणि तो खाली बसला. ते नाव कोरताना त्यानं एकदाही फुंकर मारली नाही. ठिणग्या उडत होत्या. वरच्या चारही नावांपेक्षा ते नाव खोल गेलं. खरं सांगतो, मला ते हवं होतं. चाळीस वर्षं बायकांची दुःखं ऐकलेला दगड मी. मला वाटलं, आता लोकांनी मारावं. मी सोसेन.

आणि लोकांनी मारलं. पहिल्या वर्षश्राद्धाला बनुबाईनं पायातली चप्पल काढली आणि त्या नावावर वीस वेळा हाणली. मग रांग लागली. पुढच्या वर्षी आटपाडीकडून माणसं आली. त्याच्या पुढच्या वर्षी तर मंडप पडला, तानाजी नावाच्या कार्यकर्त्यानं भोंगा लावला, आणि जोडे मारतानाचे व्हिडिओ मोबाईलवर गावोगाव फिरले. दर वर्षी गर्दी वाढत गेली. माझी तारीफ झाली. 'जागरूक गाव' म्हणून पाटी लागली.

फक्त जोडे मला लागत होते, त्याला नाही. तो दूर कुठल्याशा तुरुंगात होता. खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, मग अपील झालं, मग ते अपील पडून राहिलं. बनुबाई दर तारखेला विचारायची, "लटकावला का?" "न्हाई आक्का, अजून न्हाई." की ती दुसऱ्या दिवशी उन्हात चालत यायची आणि एकटीच मला मारायची.

हळूहळू आणखी एक गोष्ट झाली. ती माझ्याही लक्षात उशिरा आली. गर्दी यायची, खाली बघायची, खालचा फोटो काढायची. वर कुणी बघेना. वरच्या अक्षरांत धूळ भरली. शिवांजलीच्या नावावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली. फरदीनच्या नावावर तंबाखूची पिंक पडली, तीही खालच्या नावाला मारताना नेम चुकून. खालचं नाव मात्र जोड्यांनी घासून लखलखीत झालं होतं.

मग एसटीचे कंडक्टर थांब्याला तेच नाव घेऊ लागले. कुणी दुष्टपणानं नाही. तोंडात बसलं, एवढंच. "चला, अमक्याचा दगड! अमक्याचा दगड उतरा!" बोरमाळ फाटा हे नाव मागं पडलं.

गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीच्या आधीची गोष्ट. दुपारची एसटी थांबली आणि शाळेची पोरं उतरली. त्यांत आयेशा होती. आयेशा ही फरदीनची मुलगी. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बनुबाई माझ्या चौथऱ्यावर टेकली होती. पोरीला बघून ती हसली, कारण आयेशाचे डोळे थेट फरदीनसारखे आहेत.

"कुठं गं उतरलीस? घर तर फुडं हाय तुजं."

आयेशानं दप्तर सावरलं आणि सहज सांगितलं, "आमी रोज हितंच उतरतो, आज्जी. —च्या दगडापाशी."

तिनं ते नाव घेतलं. आपल्या बापाला मारणाऱ्याचं. मैत्रिणीचं घ्यावं तसं, किंचितही न अडखळता.

बनुबाईचा चेहरा मी पाहिला. अर्जुनाचा हात ओळखला तेव्हा जसा झाला असेल, तसाच झाला. "अगं, दगड कुनाचा हाय?" तिनं पुन्हा विचारलं. पोर गोंधळली. पुन्हा तेच नाव म्हणाली. मग वर बघून हळूच म्हणाली, "माज्या अब्बांचं बी नाव हाय त्येच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बनुबाई रहिमानला घेऊन आली. रहिमान आता थकला आहे. त्याचे हात थरथरतात. छिन्नी नावावर ठेवली की सरकायची. दोनदा सरकली.

"दे हिकडं," बनुबाई म्हणाली.

"आक्का, तुमाला न्हाई जमायचं."

"जमंल. कसं धरायचं तेवढं दाव."

त्यानं तिची बोटं छिन्नीवर बसवली. तिनं हातोडी उचलली आणि मारली. घाव वेडावाकडा पडला. दुसरा नीट पडला. जोडे मारताना तिचा त्वेष मी बारा वर्षं सोसला होता. पण त्या सकाळचा त्वेष निराळा होता. प्रत्येक घावाला माझा टवका उडत होता आणि टवक्याबरोबर एकेक वेलांटी, एकेक काना जात होता. मध्येच ती थांबली आणि खाली बघतच म्हणाली, "रहिमान, त्या दिशी मी बोलू न्हाई ते बोल्ले."

"मला म्हाईत हाय, आक्का. मारा. 'र' ऱ्हायलाय अजून."

गर्दी जमली. मोटारसायकलवरून तानाजी आला. त्याचा मंडप आदल्याच दिवशी ठरला होता. "आक्का, ह्ये काय चाललंय? माफ क्येलंस व्हय त्याला?"

बनुबाईनं हातोडी खाली ठेवली नाही. "माफ? त्याला फाशी झाली की मी गावाला पेढं वाटीन. नुसतं वाटनार न्हाई, तुज्या तोंडात स्वताच्या हातानं घालीन. पन माजं लेकरू ज्या दगडावर हाय, त्याच दगडावर त्यो ऱ्हात हुता, तानाजी. बारा वरसं आमी त्याला पाळला. पोरींच्या तोंडात बशिवला. त्यो मेला तरी हितं जित्ता ऱ्हायला आसता. आज मी त्याला मारला."

तानाजीनं मोटारसायकल वळवली. आणि दुपार व्हायच्या आत तिथं नाव उरलं नाही, खड्डा उरला.

मग बनुबाईनं घागरभर पाणी आणलं. पदर खोचला आणि तिनं मला धुतलं. जाहिरात खरवडली, पिंक घासून काढली. आयेशाला जवळ बोलावलं. "मला वाचता येत न्हाई. तू वाच. मोट्यांदा." आयेशानं वाचलं. बनुबाई तिच्यामागून म्हणत गेली. जयराज. शिवांजली. फरदीन. अर्जुना.

मित्रांनो, राग गेला असं मी म्हणणार नाही. बनुबाईचा गेलेला नाही, रहिमानचा नाही, आणि माझाही नाही. तो माणूस अजून तुरुंगात आहे आणि ती अजून प्रत्येक तारीख विचारते. तुमच्याकडं माझं मागणं थोडंच आहे. अशा दगडापाशी आलात तर वर बघा. अक्षरांतली धूळ बोटानं काढा. नावं मोठ्यानं वाचा, आणि त्यांतलं एक पाठ करून घरी न्या. माझ्यावर जाहिराती लावू नका, थुंकू नका.

आणि पायाशी कुणाचं नाव होतं, ते विचारू नका. विचारलंत तर मला ठाऊक नाही, असंच मी सांगेन. ते खोटं असेल. तरी तेच सांगेन.